कमी खर्चात लहान मोटारसायकलची चॉपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला चॉपरचे रूप खरोखर शोभते का?

शोभते, मात्र त्यासाठी चॉपरचे, म्हणजे जादा भाग काढून आणि ठेवण बदलून घडवलेल्या मोटारसायकलचे, रूप कशात असते हे आधी नीट पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांनी जड गाड्यांवरचे मोठे मडगार्ड, पेट्या आणि जादा पत्रा काढून टाकला व त्या हलक्या केल्या. लांब फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या), उंच हँडल आणि क्रोमचा झगमगाट हा साठच्या दशकातला पुढचा टप्पा आहे. आपल्याकडे छायाचित्रांतून पोहोचला तो हा दुसरा टप्पा, आणि म्हणून चॉपर म्हटले की लोक थेट चेसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, कापण्याच्या गोष्टी करू लागतात. लहान गाडीला पहिला टप्पा जास्त मानवतो. तिच्यावर काढून टाकण्याजोगे प्लॅस्टिक भरपूर असते, इंजिन उघडे दिसते, आणि पुढचे बारीक चाक, जे मोठ्या गाडीवाल्यांना मुद्दाम शोधून बसवावे लागते, ते तिला मुळातच मिळालेले असते.

बाजूने पाहताना तीन गोष्टी डोळ्यांत भरतात : टाकीपासून सीटपर्यंत उतरत जाणारी रेषा, मागच्या चाकाजवळ खाली गेलेली बैठक आणि चालकाच्या हातांची उंची. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी नट-बोल्ट उघडून बदलता येतात. या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका भूमिकेतून दिली आहेत की, मर्यादित पैशांत आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीवर चेसिसला करवत लावू नये.

मूळ गाडी कोणती निवडावी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जन्मतःच क्रूझर असलेली गाडी घेणे. बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ साली एलिमिनेटर आणली, तिच्या जागी २००५ मध्ये १८० सीसीची ॲव्हेंजर आली आणि २०१० मध्ये ती २२० सीसीची झाली. या गाड्यांचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर) लांब, सीट खाली, फूटरेस्ट पुढे आणि मागचे चाक पंधरा इंची व जाड असते. म्हणजे चॉपरचे निम्मे काम कारखान्यातच झालेले असते. यामाहाची एन्टायसर हीदेखील त्याच जातीची, सव्वाशे सीसीची गाडी. मात्र तिचे सुटे भाग आता शोधावे लागतात, आणि कमी खर्चाच्या कामात भाग शोधण्याचा वेळ हाही खर्चच असतो.

घरात पडून असलेली स्प्लेंडर, सीडी १०० किंवा बॉक्सर वापरायची असेल तर तीही चालेल. या गाड्यांचे भाग तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात, मेकॅनिकला त्या तोंडपाठ असतात आणि मागे दोन शॉकअप असल्याने मागची उंची बदलणे सोपे जाते. एकच शॉकअप असलेल्या आणि टाकीभोवती प्लॅस्टिकचे पंख लावलेल्या नव्या गाड्या या कामाला टाळाव्यात.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आले. त्यांचा पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो, सेन्सरच्या तारा सर्वत्र फिरलेल्या असतात आणि टाकी किंवा एअर फिल्टर बदलला की सगळी व्यवस्था बिघडते. हौशी माणसाने कार्ब्युरेटरची गाडीच घ्यावी.

जुनी गाडी घेताना काय तपासावे?

इंजिनचा आवाज सगळेच ऐकतात. कागद मात्र थोडेच जण वाचतात. आरसी बुकवरील चेसिस क्रमांक गाडीवर, बहुधा मानेच्या (हँडल ज्या नळीत फिरते तिच्या) बाजूला, कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी होते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती याचमुळे. तिच्यावर काम करून वर्षभरात ती आरटीओच्या मैदानात उभी करावी लागेल, आणि तेथे निरीक्षकासमोर ती मूळ रूपाशी बऱ्यापैकी मिळतीजुळती असावी लागेल, हा हिशेब सौदा करण्यापूर्वी मांडावा. पुनर्नोंदणी नुकतीच झालेली गाडी चार पैसे महाग पडली तरी अंती परवडते.

गाडीचे कर्ज फिटले असल्याची नोंद, थकलेली ई-चलने आणि विमा हेही पाहावे. पुढच्या चाकाला धक्का बसून वाकलेली चेसिस ओळखण्यासाठी गाडी सरळ जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करून दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणावी. पुढचे चाक दोरीशी समांतर होत नसेल तर ती गाडी सोडून द्यावी.

असे बदल करणे कायद्याने चालते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत जास्त गुळमुळीत दिले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दंड गाडीमागे नसून बदलामागे आहे, हे येथे विसरू नये.

आता आरसी बुक हातात घेऊन त्यात काय लिहिले आहे ते वाचावे. चेसिस व इंजिन क्रमांक, इंधन, घनक्षमता, रंग, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचे वजन आणि व्हीलबेस हे तपशील त्यात असतात. पुढचा फोर्क लांबवून चाक पुढे नेले की व्हीलबेस बदलतो. मागची अर्धी सीट काढून एकच बैठक ठेवली की आसनक्षमता बदलते. मोठे इंजिन बसवले की घनक्षमता बदलते. म्हणजे ज्या बदलांनी गाडी खऱ्या अर्थाने लांब नाकाची चॉपर होते, तेच नेमके या कागदाशी भांडतात. ‘आरटीओत ओळख आहे, पास करून देतो’ असे सांगणारे अनेक भेटतात. पण रस्त्यावर अपघात झाला तर ती ओळख न्यायालयात उभी राहत नाही.

मग कायद्याच्या चौकटीत राहून काय काय करता येते?

हँडलचा आकार, सीटची जाडी व आवरण, हेडलाइटचा डोम, मडगार्डची लांबी, साइड पॅनेल, ग्रिप, आरसे आणि लेगगार्ड यांची नोंद आरसीत नसते, त्यामुळे कलम ५२ च्या शब्दांशी त्यांचा थेट संघर्ष येत नाही. त्यांना वेगळे नियम मात्र लागू आहेतच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण, म्हणजेच आपला साडीगार्ड, असणे आवश्यक आहे. इंडिकेटर, आरसा, हॉर्न आणि मागचा लाल दिवा काढता येत नाही. लहान आकाराचे मात्र लावता येतात. मागची नंबरप्लेट ही उच्च सुरक्षा नोंदणी पट्टीच असली पाहिजे आणि ती मागून सरळ वाचता आली पाहिजे. चाकाच्या एका बाजूला आडवी टांगलेली प्लेट छायाचित्रात देखणी दिसते, परंतु पहिल्याच चौकात ती शिटी ऐकवते.

निरीक्षक किंवा हवालदार प्रत्येक कलम पाठ करून थांबवत नाही; गाडी विचित्र दिसली की थांबवतो. म्हणून दिवे, आरसे, प्लेट, पीयूसी आणि सायलेन्सर नेटके असतील तर बाकीच्या सजावटीकडे सहसा कौतुकानेच पाहिले जाते. हा अनुभवाचा सल्ला आहे, कायदेशीर हमी नव्हे.

चेसिसची मान कापून पुढचे चाक लांब नेण्यास इतका विरोध का?

मानेचा उभ्या रेषेशी जो कोन असतो त्याला रेक म्हणतात. मानेची रेषा सरळ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जेथे टेकतो त्याच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ चालते ती ट्रेलमुळे आणि वळताना जड लागते तीही ट्रेलमुळेच. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, रेक २६ अंश आणि फोर्कचा ऑफसेट (मानेच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) ५५ मिमी धरला, जी लहान गाडीसाठी वास्तव मापे आहेत, तर ट्रेल सुमारे ८५ मिमी येतो. तोच रेक ३५ अंश केला की ट्रेल १४३ मिमी होतो आणि ४० अंशांवर १८० मिमी. म्हणजे मान थोडी कललेली दिसते, पण ट्रेल दुपटीच्या वर जातो.

याचा परिणाम वेगात जाणवत नाही, आणि तेथेच फसगत होते. मोकळ्या महामार्गावर गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटते. गर्दीत, पेट्रोल पंपावर वळताना किंवा खंबाटकी घाटाच्या एखाद्या वळणात ट्रकमागे सरकताना मात्र हँडल थोडे वळताच चाक स्वतःहून त्या बाजूला पडू पाहते आणि ते खेचून सरळ करावे लागते. परदेशी बांधणीकार यासाठी फोर्कच्या दोन्ही ब्रिज प्लेट (फोर्कच्या नळ्या मानेला जोडणाऱ्या पट्ट्या) वेगळ्या ऑफसेटने किंवा वेगळ्या कोनात खरादून घेतात आणि ट्रेल पुन्हा शंभराच्या आसपास आणतात. ते मोजमापाचे, महागडे काम आहे. ‘मान कापून वेल्डिंग करतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा’ म्हणणारा फॅब्रिकेटर ते करत नाही.

दुसरे कारण धातूचे. चेसिसच्या नळ्या पातळ भिंतीच्या असतात. साध्या आर्क वेल्डिंगने त्यांना भोक पडते किंवा टाक्याच्या कडेला नळी ठिसूळ होते, आणि पुढच्या ब्रेकचा सगळा जोर तर मानेच्या त्या सांध्यावरच येतो. सांधा तुटण्याआधी पूर्वसूचना म्हणून रंगाला केसासारखी बारीक चीर पडते; ती दिसली तर नशीब. तिसरे कारण कागदाचे. बऱ्याच गाड्यांचा चेसिस क्रमांक मानेवरच कोरलेला असतो, आणि तेथे ग्राइंडर फिरला की तुमची स्वतःची गाडी चोरीच्या गाडीसारखी दिसू लागते.

मान न कापता थोडा तरी कल वाढवता येतो का?

येतो. सव्वाबाराशे ते साडेबाराशे मिमी व्हीलबेसच्या गाडीची मागची बाजू ४० मिमी खाली आणली की संपूर्ण गाडीच मागे झुकते आणि रेक जवळजवळ दोन अंशांनी वाढतो. ट्रेल सुमारे १२ मिमी वाढतो, जो सांभाळण्यासारखा असतो. व्हीलबेसमध्ये नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. डोळ्याला मात्र हे दोन अंश बरेच दिसतात, कारण त्याच वेळी सीटही खाली गेलेली असते.

यासाठी कमी लांबीचे शॉकअप बसवावेत. मूळ शॉकअपची स्प्रिंग कापून घेऊ नये. बसवल्यावर दोन माणसे बसवून गाडी दाबून पाहावी आणि टायर मडगार्डला किंवा वायरिंगला घासतो का ते तपासावे. चेनचा ढिलेपणा पुन्हा लावावा. साइड स्टँड जरा कापावा लागतो, नाहीतर गाडी जवळजवळ उभीच राहते आणि वाऱ्याने पडते. आपल्या गावांतले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत, त्यामुळे ४० मिमीपेक्षा खाली जाण्याचा मोह आवरावा.

फोर्कच्या नळ्यांना लांबीचे तुकडे जोडले तर?

जोडू नयेत. फोर्क १०० मिमी लांबवला तर मान सुमारे ९० मिमी वर उचलली जाते, रेक चारएक अंशांनी वाढतो आणि चाक किमान ४० मिमी पुढे सरकते, म्हणजे व्हीलबेसचा प्रश्न पुन्हा आलाच. शिवाय आटे पाडून जोडलेला तुकडा हा खड्ड्यात चाक आपटल्यावर सगळ्यात आधी वाकणारा भाग असतो. फोर्क लांब दिसावा असे वाटत असेल तर फोर्कवरची रबरी आवरणे (गेटर) काढावीत, नळ्या पॉलिश कराव्यात आणि पुढचा मडगार्ड आखूड करावा. उघडी, चमकणारी नळी आहे त्यापेक्षा बरीच लांब भासते.

हँडल कोणते घ्यावे?

आपल्याकडील बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिमी व्यासाची असते. ऑनलाइन दिसणारी देखणी हँडले अनेकदा २५ मिमीची, मोठ्या अमेरिकी गाड्यांसाठीची असतात. ती क्लॅम्पमध्ये बसत नाहीत, आणि क्लॅम्प घासून बसवणे हा वेडेपणा आहे. उंचीबाबत साधा नियम असा की, बसल्यावर मुठी खांद्याच्या वर जाऊ नयेत. त्याहून उंच हँडलने दहा मिनिटांत हात बधिर होतात आणि अचानक ब्रेक लावताना शरीर कशावरच टेकत नाही.

हँडल उंच झाले की क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकची केबल अपुरी पडते. हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे, असे समजावे. ॲव्हेंजरच्या लांब केबल काही गाड्यांना जमतात. नाहीतर केबल बनवून देणारे कारागीर बहुतेक शहरांत आहेत. जुनी केबल नमुन्याला नेऊन वाढीव लांबी सांगावी. डिस्क ब्रेक असेल तर होज (ब्रेक ऑइलची नळी) मात्र तयार, दाबाची चाचणी झालेलाच घ्यावा. वायर लांबवताना पिळून टेप गुंडाळू नये. डाख देऊन त्यावर आकसणारी नळी चढवावी, कारण पहिल्या पावसात बंद पडणारी गाडी बहुधा इंजिनमुळे नव्हे तर अशा टेपमुळेच बंद पडते.

टाकी बदलणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, परंतु गाडीचा चेहरा बदलायचा तर टाकीइतका परिणाम कशानेच होत नाही. दुसऱ्या गाडीची तयार टाकी बसवणे हे नवी टाकी बनवून घेण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे. विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याची टाकी करून पाहावी : दोन बाजूंचे आकार कापून मास्किंग टेपने जोडावेत, चेसिसवर ठेवावेत आणि दहा पावले मागे जाऊन बाजूने पाहावे. पुठ्ठा पाच वेळा कापला तरी खर्च शून्य असतो. दिवाळीत आकाशकंदील केलेल्या हाताला हे काम अवघड नाही.

तांत्रिक बाब एवढीच की, कार्ब्युरेटरला पेट्रोल उतारानेच जाते, त्यामुळे टाकीचा तळ आणि कॉक कार्ब्युरेटरच्या वर असले पाहिजेत. टाकी मागे झुकवून बसवली तर कॉकही मागच्या टोकाला हवा. टाकीखालचे कान वेल्ड करून सरकवावे लागतात, आणि येथेच सर्वांत मोठा धोका असतो. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. ती साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवावी, मग काठोकाठ पाणी भरून केवळ टाक्यापुरती जागा पाण्याबाहेर ठेवावी आणि टाकीचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडूनच वेल्डिंग करून घ्यावे. घरी करू नये.

सीट कशी करावी?

मूळ सीटचा सांगाडा ठेवून फोम कापणे हा उत्तम मार्ग. पुढचा भाग खोलगट आणि मागचा छोटा, किंचित उंच ठेवला तर दोन आसनेही राहतात आणि रेषाही मिळते. जाडी कमी झाल्यावर फोम जरा घट्ट घ्यावा. मऊ फोम अर्ध्या तासात दबून खालचा पत्रा टोचू लागतो. आपल्याकडील सीटकव्हरवाले कारागीर हे काम नमुना दाखवल्यास फार सफाईने करतात.

स्प्रिंगवर बसवलेली एकच बैठक देखणी असते, यात वाद नाही. मात्र आसनक्षमतेचा प्रश्न वर सांगितलाच आहे. ती हवीच असेल तर मागे बोल्टने बसणारी गादी, कडी आणि फूटरेस्ट कायम ठेवावेत.

मागचे शॉकअप काढून त्या जागी लोखंडी पट्टी लावतात, ते योग्य आहे का?

नाही. शॉकअपचा जोर झेलण्यासाठी केलेले चेसिसवरचे कान कडक धक्क्यासाठी बनवलेले नसतात. ते तडकतात आणि तोपर्यंत तुमचा मणकाही तडकायच्या बेतात आलेला असतो.

मागे जाड टायर बसवावा का?

साडेसात-आठ अश्वशक्तीच्या इंजिनाला जाड टायर ओढायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. २.७५-१८ चा टायर असलेल्या गाडीला ३.०० चा टायर चालतो. त्यापुढे रिम अरुंद पडते, टायर मधोमध फुगतो, वळताना त्याची कड नीट टेकत नाही आणि डावीकडे चेनला घासतो. टायर भरलेला दिसावा यासाठी उभ्या-आडव्या खाचांचा जुन्या धाटणीचा टायर निवडावा आणि रिम काळी करावी. आरे असलेली चाके असतील तर ती सोडून अलॉय लावू नयेत. चॉपरला आरेच शोभतात.

सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला तर आवाज मोठा येईल ना?

येईल, आणि त्याबरोबर चलनही येईल. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आणि त्यापुढील गाड्यांसाठी ८० डेसिबल आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या फटाका सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला आपण वर्तमानपत्रांत पाहिला आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी लहान इंजिनाला मोकळा पाइप मानवत नाही. एअर फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि सरळ पाइप लावला की हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि खालच्या वेगातला जोर जातो. मग कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलण्याचा खेळ सुरू होतो, आणि तो जाणकार मेकॅनिकशिवाय संपत नाही. आतील जाळ्या शाबूत असलेला दुसऱ्या गाडीचा आखूड, गोल सायलेन्सर मूळ बेंड पाइपला जोडणे पुरेसे आहे.

फूटरेस्ट पुढे घेता येतात का?

घेता येतात, परंतु स्प्लेंडरसारख्या गाडीवर गिअर आणि ब्रेक या दोहोंना लांब दांडे लागतात, सांध्यांत खेळ येतो आणि ब्रेकचा पाय हलका पडतो. शिवाय पाय पुढे असले की खड्ड्यात पायांवर उभे राहता येत नाही, सगळा दणका कमरेला बसतो. लहान गाडीवर हे पैसे वाया गेलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ही बैठक हवी त्यांनी ॲव्हेंजरच घ्यावी.

एकूण किती पैसे लागतात?

गाडीची किंमत सोडून तीस हजार रुपये बाजूला काढले आहेत, असे धरू. त्यातले निम्मे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी राखावेत : दोन टायर, ब्रेक लायनर, चेनसेट, मानेचा कोनसेट, स्विंगआर्मचे बुश, चाकांचे बेअरिंग, फोर्कचे ऑइल सील आणि वायरिंगची दुरुस्ती. सीट मागे व खाली गेल्याने पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, त्यामुळे जुना, कडक झालेला पुढचा टायर पूर्वीपेक्षा लवकर घसरतो. हा खर्च टाळण्याजोगा नाही. उरलेल्या निम्म्यात शॉकअप, हँडल व केबल, सीट, टाकी किंवा मडगार्डचे काम आणि शेवटी रंग बसवावा. दर गावागणिक आणि कारागिरागणिक बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा हे प्रमाण पाळावे. पैसे कमी पडले तर टाकी सोडावी, टायर सोडू नये.

सुटे भाग आणि कारागीर कुठे शोधावेत?

पुण्यात दुचाकीच्या भागांसाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे आणि जुन्या बाजारात दिवे, आरसे, डोम अशा वस्तू चाळायला मजा येते. मुंबईत कुर्ल्याकडे जुन्या भागांची मोठी उलाढाल चालते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर एखादा बुश किंवा स्पेसर करून घेण्याइतके सोपे काम दुसरीकडे क्वचितच असेल. नमुना हातात द्यावा, माप कागदावर लिहून द्यावे, तोंडी सांगू नये. इंजिन किंवा क्रमांक कोरलेला कोणताही भाग बिलाशिवाय घेऊ नये.

कामाचा क्रम कसा ठेवावा?

प्रथम गाडी मूळ रूपात नीट चालती करावी, कारण बिघडलेल्या गाडीवर केलेले बदल कशामुळे त्रास देतात ते कळत नाही. मग सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेले बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवावेत. सर्व भाग रंगाविना बसवून गाडी आठवडाभर चालवावी. घासणारे, हलणारे, गळणारे जे काही असेल ते याच काळात उघड होते. त्यानंतरच सारे उतरवून रंगाला द्यावे. हौसेपोटी टाकी आधी रंगवणाऱ्यांच्या टाकीवर पान्ह्याचा पहिला ओरखडा ठरलेला असतो.

रंग कोणता द्यावा?

आरसीत जो रंग आहे तोच मूळ रंग ठेवावा. काळी गाडी असेल तर सोन्याहून पिवळे. काळ्यावर हाताने ओढलेली बारीक क्रीम किंवा लाल रेघ पुरते. रंग बदलायचाच असेल तर आरटीओकडे अर्ज करून नोंद करून घ्यावी. चेसिसला पावडर कोटिंग करून घेताना क्रमांकावर टेप लावायला सांगावे, कारण जाड थराखाली अक्षरे बुजतात. गंजाच्या खड्ड्यांवर लांबी (पुट्टी) भरताना थर पातळ ठेवावा. इंजिनाच्या थरथरीने जाड लांबी वर्षभरात पोपडे धरते.

विम्याचे काय?

बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी आणि पॉलिसीवर तशी नोंद मागावी. हप्ता थोडा वाढू शकतो. न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला दिसला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्याचे कारण कंपनीला आयतेच मिळते.

तरीही खरी, लांब नाकाची चॉपर हवीच असेल तर?

मग ती प्रदर्शनाची किंवा खासगी जागेतील गाडी म्हणून बांधावी, आर्गन वेल्डिंग आणि जिग (चेसिस मापात धरून ठेवणारा साचा) असलेल्या कार्यशाळेतच मानेचे काम करून घ्यावे आणि ती टेम्पोत घालून न्यावी. गोव्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकसारख्या मेळाव्यांत अशा गाड्या जवळून पाहता येतात. मुंबईच्या वर्देंची मोटरसायकल्सने बुलेटच्या इंजिनांवर केलेल्या गाड्या पाहिल्या तर नीट बांधणी म्हणजे किती मोजमाप, याची कल्पना येते. अशा गाडीचे छायाचित्र दाखवून गल्लीतल्या गॅरेजकडून दहा हजारांत तेच मागणे हा दोघांवरही अन्याय आहे.

पुढे गाडी विकायची झाल्यास किंमत येईल का?

बदलांवर केलेला खर्च परत मिळत नाही. गिऱ्हाईक बहुधा मूळ गाडीच्या भावानेच मागते. म्हणून काढलेले हँडल, शॉकअप, सीट, मडगार्ड, साडीगार्ड आणि सायलेन्सर भंगारात न देता तेलाचा हात फिरवून पोत्यात बांधून ठेवावेत. पुनर्नोंदणीच्या तपासणीला जाताना ते बसवता येतात आणि विकताना गाडी एका दिवसात मूळ रूपात आणता येते. चेसिसला हात लावला नसेल तरच हे शक्य होते.